सैल वात

पहिल्याच झुरक्याला लटारूभाऊ असे खोकले, की शेजारी बसलेल्या बायकोच्या, आशाबाईच्या मांडीवरचा कापूस अंगणभर उडाला.

"जळलं, पार जळलं!" डोळे पुसत ते पुतण्याला म्हणाले. "प्रफुल, हे तुह्यं यंत्र नोय रे बापा, चूल आहे. यापेक्षा विडी बरी."

"विडीचं नाव काढू नका," आशाबाई म्हणाली.

प्रफुल धाकट्या दिराचा मुलगा, मस्कतच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. ज्याच्या आधाराने त्याची सिगारेट सुटली, ते यंत्र तो सुट्टीवर येताना घेऊन आला होता. बॅटरीची जाड दांडी, वर बोटभर काचेची टाकी, टाकीत मधासारखा दाट रस. आत तारेचं वेटोळं आणि त्यातून ओवलेला कापूस. तार तापली की कापसातल्या रसाची वाफ व्हायची. इथे मात्र रसाऐवजी कापूसच जळत होता.

"याले आपल्याकडे बंदी आहे म्हणते ना?" आशाबाईने विचारलं.

"आहे, मोठी माय. विडीले नाई. अन् विडीनंच ही वेळ आणली."

आशाबाई उडालेला कापूस वेचू लागली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी लटारूभाऊंच्या घशात गाठ सांगितली होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव राहील, आवाज जाईल. ऑपरेशन माघातला सप्ताह उठला की लगेच. तंबाखू आजपासून बंद.

लटारूभाऊ एरवी गावतलावात जाळं टाकून पोट भरणारे. पण सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन त्यांचंच. पोंभुर्ण्याच्या आसपासची गावं त्यांना लटारूबुवा म्हणूनच ओळखत. गावचा रिवाज असा, की काल्याला उभं राहणाऱ्याने सप्ताहभर धुराला शिवायचं नाही. दरवर्षी ते कसेबसे निभावत. यंदा गाठीच्या धास्तीने हातच ऐकत नव्हता, विडीच्या बंडलाकडे आपोआप जात होता. आणि विडी ओढून विठ्ठलापुढे उभं राहणाऱ्यांतले ते नव्हते. हे कीर्तन हुकलं, तर पुन्हा कधीच नव्हतं.

"सप्ताह बसला का हेबी बंद," ते म्हणाले. "पण तोवर मले एक पायरी पायजे. एकदम उडी नाई जमत."

"पायरी आहे, मोठेबाबा. रस दाट आहे, चढून नाई राह्यला, एवढंच."

आशाबाईने हात पुढे केला. "दाखव."

प्रफुलने टाकी उघडून आतला कापूस काढला. मधोमध काळा, टोकांना मात्र कोराच होता.

"ही वात तू वळली? अशी ठोसून?"

"रस गळू नये म्हणून."

देवळातल्या समईच्या वाती आशाबाईच वळायची. समईत मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल; माघाच्या थंडीत ते तुपासारखं थिजायचं. "दाट तेलाले घट्ट वात चालत नाई रे," ती म्हणाली. "तेल कुठून चढन? अन् तेल नाई चढलं का वातच जळते."

तिने नवा कापूस पिंजून वेटोळ्यातून ओवला, टोकं विरळ केली, रस आत येण्याच्या खालच्या दोन भोकांत हलकेच सोडली. प्रफुलने रस भरला. थोड्या वेळाने सगळा रस खालून गळून लटारूभाऊंच्या धोतरावर आला.

"घ्या! आता बुवाले बाळंतपणाचा डाग लागला," लटारूभाऊ म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

"लयच सैल झाली," आशाबाई ओशाळली. "भोक झाकलं पायजे, पण वात दबली नाई पायजे."

पुन्हा कापूस. या वेळी प्रफुलने रसाची बाटली उन्हात ठेवून कोमट केली, बॅटरीचा जोर उतरवला आणि कापूस नीट भिजेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मग टाकीतून एक बुडबुडा सावकाश वर आला.

"चढला!" तो म्हणाला. "बुडबुडा वर आला म्हणजे रस आत गेला."

लटारूभाऊंनी जपून ओढलं. खोकला आला नाही. उशाखालचं विडीचं बंडल त्यांनी स्वतःच चुलीत टाकलं.

पुढे प्रफुल रसातला तंबाखूचा अंश उतरवत गेला. सप्ताह बसला त्या सकाळी लटारूभाऊंनी यंत्र त्याच्या हातात ठेवलं. "आता विठ्ठलापुढं धूर उदबत्तीचाच," ते म्हणाले.

ते दिवस त्यांनी लवंग चघळत, रात्री आशाबाईचा हात धरून काढले.

काल्याच्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आवाज घोगरा होता, वरची पट्टी लागत नव्हती. लटारूभाऊंनी खंजिरी खाली ठेवली आणि बोलायला लागले.

"दिवा लागत नाई म्हणून आपण तेलाले नावं ठेवतो. तेल चांगलं असते, बाप्पा. वात घट्ट असते. भीतीनं मन असं ठोसून भरतो, का देवाचं नाव आत झिरपाले जागाच नाई राहात. मंग मन कोरडंच जळते. जरा सैल करा." ते थांबले. "हे पोथीतलं नाई. आमच्या घरच्या बाईनं शिकवलं."

बायका वळून पाहू लागल्या, तशी आशाबाईने पदर तोंडावर ओढला.

शेवटच्या गजराला त्यांचा आवाज फाटला आणि थांबला. ओठ हलत राहिले. पण तोवर सगळ्या मंडपाने तो गजर उचलला होता.

पुढच्या माघात कीर्तनाला नागभीडचे बुवा आले. लटारूभाऊ गळ्याला पांढरा रुमाल बांधून टाळकऱ्यांच्या रांगेत खंजिरी घेऊन उभे राहणार होते. त्या सकाळी ते लवकरच देवळात येऊन बसले. आशाबाई समईजवळ वाती वळत होती. मन कुठे गेलं होतं कोण जाणे, हात आवळत चालले होते.

लटारूभाऊंनी तिच्या हातातून वात घेतली. अंगठ्याने अर्धा पीळ उलटा सोडला आणि समईत ठेवली.

आशाबाईने लगेच काडी ओढली नाही. तेल चढेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.