थंडी त्यांच्याकडे, हादरे माझ्याकडे

समितीचा नियम असा, की ज्याला ज्या विषयातलं कळतं, त्यानं त्यावर लिहायचं नाही. हितसंबंध येतात. त्यामुळे शीतगृहांच्या यंत्रांत केस पांढरे केलेल्या माझ्या वाट्याला अहवालातलं उड्डाणाच्या हादऱ्यांचं प्रकरण आलं आणि थंडीचं गेलं समितीतल्या रॉकेटवाल्याकडे.

ठरवायचं होतं एवढंच, की क्वांटम संगणक अंतराळात चालेल का. चालेल म्हटलं, की वर जाणार होतं माझ्या वहिनींचं यंत्र. त्यांच्या प्रयोगशाळेत ते एकुलतं एक, आणि चालतं तेही कडाक्याच्या थंडीतच.

"भावोजी, शेजारच्या खोलीत खुर्ची सरकवली तरी ते गणित विसरतं," वहिनी म्हणाल्या. "तळहाताच्या फोडासारखं जपलंय. नाही म्हणून टाका आणि मोकळे व्हा."

मी मात्र आधीच लिहून मोकळा झालो होतो: 'चांगल्या स्पंजात गुंडाळल्यास हादऱ्यांचा प्रश्न उद्भवत नाही.' रॉकेटवाल्यानं लिहिलं होतं: 'अंतराळ मुळातच थंड असल्याने शीतयंत्रणा लागणार नाही.' ते वाचून मी पाणी प्यायलो आणि त्याला जिन्यात गाठलं.

तोच आधी म्हणाला, "स्पंज? साहेब, तुम्ही सोफा पाठवताय का वर?"

"आणि तुम्ही थर्मास पाठवताय. तिथं हवा नाही. यंत्राची उष्णता बाहेर पडणार कुठून?"

"असं असतं होय? मला वाटलं, थंडीचं सोपं आहे. हादऱ्यांबद्दल मात्र नियमामुळे गप्प बसलो. चुरा होईल हो त्याचा."

"मला वाटलं, हादऱ्यांचं सोपं आहे."

मग एकमेकांना विचारून दोघांनी आपापलं प्रकरण नव्यानं लिहिलं. निष्कर्ष: तूर्त शक्य नाही.

अध्यक्षांनी वाचून चष्मा काढला. "यात जाणकारी दिसते," ते खिन्नपणे म्हणाले, आणि समिती बरखास्त झाली. नव्या समितीत पुन्हा मी होतोच. पण हादऱ्यांवर माझा अधिकार सिद्ध झाल्यामुळे ते प्रकरण मला बंद झालं. मला थंडी दिली.

वहिनींना सांगितलं.

"म्हणजे यंत्र जातंय की राहतंय?"

"थंडीवर मीच लिहिणार. त्यामुळे राहील."

"पण थंडीतलंच तर तुम्हाला कळतं ना? मग लिहू कसं देतात?"

"समितीच्या मते मला आता हादऱ्यांतलं कळतं."



"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "अहवालावर सह्या होईपर्यंत कुणाला काही समजावून सांगायला जाऊ नका."