विसाव्याच्या पुढे

अमळनेरहून येणारी गाडी उधन्याला उशिरा पोचली. धनश्री गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तिच्या वडिलांना, हिलालआप्पांना, खांद्यावर घेऊन झालं होतं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कापडाच्या गोदामाची आग विझवताना हिलालआप्पांच्या छातीत धूर भरला आणि इस्पितळात ते गेले. पालिकेच्या अग्निशमन दलातली सलामीची तुकडी त्यांनीच घडवलेली. कामावर असताना कुणी जवान दगावला की आप्पा तुकडीतल्या पोरांना घेऊन त्याला स्मशानात पोचवायला जात. शेजारी थट्टा करत, "हिलालभो, मरेल माणूसले सलाम करीसन काय भेटस?"

"त्याले काय भेटी? पन त्याना बाप तठे उभा ऱ्हास ना," आप्पा म्हणत.

आज तीच तुकडी त्यांच्यासाठी आली होती. पांढरे हातमोजे, कडक इस्त्री, आणि आप्पांवर डोक्यापासून पायापर्यंत दलाचा झेंडा. चेहरा झाकलेला.

धनश्री पुढे धावली, तशी शेजारच्या कलाबाईंनी तिला दंडाला धरलं.

"आते नको वं बाई. उचलेल तिरडी खाले ठेवतस नई. इसावाले तोंड उघडतीन, तठे पोटभर देखी ले."

धनश्रीने मान हलवली. विसावा नाक्यावरच्या लिंबाखाली. तिथे तिरडी टेकवतात, खांदेकरी बदलतात, उशिरा आलेल्यांना तोंड दाखवतात. बायका तिथवरच जातात. म्हणून ती चालत राहिली, झेंड्याखालच्या उंचवट्यावर डोळे ठेवून. नाक कुठे असेल, कपाळ कुठे, असं बघत.

लिंब आला. तुकडी थांबली नाही.

"इसावा, भो, इसावा," गल्लीतले पंडितकाका मागून म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अरे, टेकवा ना."

एकाही पोराने वळून पाहिलं नाही. खांद्यावर माणूस असताना हुकमाशिवाय पाय थांबवायचा नाही, मागून कुणी रडो की हाका मारो, हे आप्पांनी त्यांच्या अंगात भिनवलेलं. एरवी तुकडी स्मशानाच्या दाराशी बंबातून देह उतरवून सरळ चितेपर्यंत जायची. त्यांच्या कवायतीत विसावा नव्हताच. हुकूम द्यायचे आप्पा. आज त्यांच्या जागी चालणारा सुकदेव समोर बघत ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होता.

थांबवायचा शब्द धनश्रीला ठाऊक होता. लहानपणी ओट्यावर बसून तिने तो हजारदा ऐकलेला. आत्ता तो गळ्यापर्यंत आला. एकदा म्हटलं असतं तर सगळे जागच्या जागी थांबले असते. पण बूट एका वेळी उचलत होते, एका वेळी पडत होते, झेंड्याचं टोकसुद्धा हलत नव्हतं. असं व्हावं म्हणून आप्पांनी किती उन्हाळे काढले होते. तिने ओठ मिटले.

बायका लिंबाखाली थांबल्या. तुकडी वळणाआड गेली.

"अशा कशा गयात ह्या पोरं," कलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी धनश्रीचा हात हातात घेतला.

संध्याकाळी सुकदेव दाराशी आला. अंघोळीने केस ओले, हातात टोपी. तो आत येईना.

"ताई," तो म्हणाला, "आप्पांनी शिकवलं तसंच नेलं ना आम्ही?"

धनश्रीची आई, पुष्पाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. धनश्रीने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"हो," ती म्हणाली. "कुणाचं पाऊल चुकलं नाही."