टेलरमास्टरांसाठी प्रार्थना

म्हणाल तर बाईंचं काहीच चुकलं नव्हतं, आणि म्हणाल तर सगळंच चुकलं होतं.

रविवारच्या उपासनेआधी पाळकसाहेबांच्या हातात विनंत्यांच्या चिठ्ठ्या द्यायच्या, ही त्या चर्चच्या मंडळीची जुनी रीत. कोणाचा गुडघा, कोणाची परीक्षा, कोणाची सासू. पाळकसाहेब एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत आणि सगळे माना खाली घालून प्रार्थना करत. या रविवारी बाईंनीही एक चिठ्ठी दिली. चाळीस वर्षं शाळेत मुलांना ‘मोघम नको, नेमकं लिहा’ असं बजावलेलं. मग स्वतः मोघम कशा लिहितील? पाळकसाहेबांनी चष्मा सावरून वाचलं, “आपल्या टेलरमास्टरांना झोपेत लघवी आवरत नाही, रोज चादर धुवावी लागते. प्रभूनं त्यांना आराम द्यावा.”

शंभर माणसं मनापासून ‘आमेन’ म्हणाली. तिसऱ्या बाकावरचे मास्टर मात्र उठले, टोपी उचलली आणि बाहेर पडले.

तेव्हापासून त्यांचं दार बंद. मास्टर एकटेच राहत. आठवड्यापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, आणि मास्टरांचे हात थरथरत म्हणून ते काम दोन गल्ल्या पलीकडच्या बाईंकडे. “हयगय केलीत तर डोळा हातचा जाईल,” असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. रविवारी दुपारी बाई दार वाजवून परतल्या, संध्याकाळीही परतल्या. सोमवारी सकाळी मात्र त्या हलायला तयार नव्हत्या.

“मास्टर, उघडा. थेंबांची वेळ झाली.”

“देवाला सांगा ना,” आतून आवाज आला. “त्याला सगळं सांगताच तुम्ही.”

“अहो, मी प्रेमानं लिहिलं.”

“ठाऊक आहे. म्हणून तर धड शिव्याही देता येत नाहीत! देवाला काय कमी ऐकू येतं, माईक लागायला? सकाळी बेकरीवाली खिडकीतून म्हणाली, ‘मास्टर, झोपताना पाणी कमी प्या.’ ती तर आपल्या चर्चची पण नाही!”

बाईंना हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. त्या पायरीवर बसल्या. ‘पण मास्टर’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. वर्गात एखादं पोर माफी मागताना ‘पण’ म्हणालं, की त्या त्याला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावत.

“तुम्ही मला विश्वासानं सांगितलंत,” त्या दाराशी तोंड नेऊन हळू म्हणाल्या, गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून. “मी तुम्हाला न विचारता ते चारचौघांत नेलं. चूक माझी.”

आतून पावलं दारापर्यंत आली.

“पुढे ‘पण’ नाही?”

“नाही.”

“आणि पुढच्या रविवारी काय लिहाल?”

“तुम्ही सांगाल तेवढंच.”

“मी काहीच नाही सांगितलं तर?”

“तर चिठ्ठीच नाही.”

कडी निघाली. मास्टर शिलाई मशीनच्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली. डोळा लालभडक झाला होता. बाईंनी थेंबांची बाटली उघडली. पहिला थेंब गालावर पडला.

“नेम चुकला की हो, बाई. आज तुमचेच हात थरथरतायत.”

“बोलू नका. वर बघा.”

दुसरा थेंब डोळ्यात पडला. मास्टरांनी पापणी मिटली आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “हा डोळा आजच डॉक्टरांना दाखवू. ते चादरीचंही त्यांच्या कानावर घालायला हवं. मी सांगेन. तुम्ही नुसत्या शेजारी बसा.”

“बसेन की,” बाई म्हणाल्या. “हाताची घडी, तोंडावर बोट.”

“जमेल तुम्हाला?”

“शिकेन.”