दांडीवरची फडकी

बाटलीतली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती आणि उजेडासमोर धरली की तळाशी पांढुरका गाळ हलत होता. रक्त-लघवी तपासण्याचंच काम करणाऱ्या धाकटीने ती थोरलीच्या नाकासमोर धरली.

"ताई, या वर्षातला चौथा संसर्ग. दिवसभरात पाणी किती पितेस?"

"पिते की."

"किती?"

"सकाळी अर्धा कप चहा. मग घरी आल्यावर."

"नऊ तास कोरडी? अगं, तुझ्यापेक्षा उंट बरा! डॉक्टर आता मूत्रपिंडांबद्दल बोलायला लागलेत, कळतंय ना?"

ताईला कळत होतं. ती चाकाच्या खुर्चीत बसून इमारतींचे नकाशे काढायची. तिच्या नजरेतून मिलिमीटरचाही घोळ सुटत नसे, म्हणून ऑफिसात तिचं नावच पडलं होतं 'फूटपट्टी'. त्या ऑफिसच्या नव्या इमारतीचा नकाशाही तिनेच काढलेला. खुर्चीवाल्यांच्या स्वच्छतागृहाला तिने नव्वद सेंटिमीटरचं दार दिलं होतं. बांधकाम चालू असताना साहेबांना शेजारी काचेचं कपाट हवंसं वाटलं आणि दार पासष्टवर आलं. तिची खुर्ची अडुसष्टची. तीन सेंटिमीटरपायी दोन वर्षं ती तहान मारत होती. सांगू, सांगू म्हणत दिवस ढकलत होती. "त्यांनी तुला ठेवून घेतलंय हेच खूप समज," असं घरात आईसुद्धा म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सर्वांना सोयीच्या इमारतीचं बक्षीस ठरवणारी समिती येणार होती. त्या सकाळी ताई त्या दाराशी आली, तर सफाईवाल्या मावशी आतलं सामान बाहेर ओढत होत्या. फिनेल आणि कुबट ओलीचा भपकारा आला. बेसिनमध्ये काळं पाणी तुंबलेलं, त्यात सिगारेटची थोटकं फुगून तरंगत होती. उठताना धरायला बसवलेल्या स्टीलच्या दांडीवर फरशी पुसायची फडकी वाळत घातलेली. एकाला केसांचा गुंता चिकटला होता.

"मावशी, हे कधीपासून इथं?"

"पहिल्या दिवसापासून. मला काय हौस आहे या घाणीत हात घालायची? दुसरी जागा द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, तिथं कोण जातंय, ठेवा."

तिथं कोण जातंय. ताईने तोंडावर रुमाल धरला, पण मळमळ वासाची नव्हती. रोज ओठ सुकवून साहेबांचं ते वाक्य खरं कोण करत होतं? तीच. तिला स्वतःचीही किळस आली.

तेवढ्यात साहेब कागद घेऊन आले. अत्तर मारलेलं, चेहऱ्यावर लग्नघरातलं हसू.

"फूटपट्टी, तू तर आपला हुकमाचा एक्का! इथं एक सही कर."

तिने वाचलं : मी हे स्वच्छतागृह रोज, कुणाच्याही मदतीशिवाय वापरते.

"साहेब, मी यात एकदाही गेलेली नाही. जाताच येत नाही. दार पासष्टचं आहे."

"अगं, कागदावर गं! समितीवाले काय टेप घेऊन फिरणारेत? पुढच्या वर्षी करू की मोठं."

"मागच्या वर्षीही पुढचंच वर्ष होतं."

"घरच्याच माणसाने असं आडवं यायचं?" त्यांनी आवाज खाली आणला. "तुला इथं कोणी काही कमी केलंय का? उगाच राईचा पर्वत करू नकोस."

त्यांनी तिच्या बोटांत पेन अडकवलं. ते घामाने ओलं होतं. मावशी फडक्यांची बादली घेऊन तिथंच खिळल्या. लिफ्टचं दार उघडलं, समितीची तीन माणसं बाहेर आली. साहेबांचं हसू क्षणात जागेवर आलं.

"या, या! ह्या आमच्या सहकारी. स्वच्छतागृहाबद्दल यांनीच लिहून दिलंय."

समितीतल्या बाईंनी कागदाकडे पाहिलं. "सही राहिलीय वाटतं?"

ताईने पेन साहेबांच्या खिशाला परत लावलं. जीभ टाळ्याला चिकटली होती, तरी आवाज स्वच्छ निघाला.

"राहिलेली नाही. मी सही करणार नाही."