वेल्माची जागा

“मिस अर्नेस्टीन, पलंगाची दांडी सोडा आता.”

“सोडते गं बाई! सांगायला तुझं काय जातंय?”

ब्रायना हसली. चालायला शिकवणारी ही पोर तशी गोड, पण नियमाला पक्की. पलंगापासून दारापर्यंत वीस पावलं, कुणालाही न धरता. जमली तर अर्नेस्टीन शुक्रवारी आपल्या घरी, नाहीतर रुग्णालयातून थेट वृद्धाश्रमात. मुलाने तिथली खोलीसुद्धा बघून ठेवली होती. पक्षाघाताच्या झटक्याने डावा पाय लुळा पडला त्याला सात आठवडे झाले होते, आणि काल ती नवव्या पावलाला कोसळली होती. चाळीस वर्षं मेकन गावच्या शाळेत नर्स म्हणून पोरांच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, आणि आता स्वतःचाच गुडघा ऐन वेळी दगा देत होता.

तेवढ्यात दार ढकलून दोन पिवळी जाकिटं आत आली. बुटकी लव्होनिया आणि ताडमाड ओडेसा.

“अजून गादीवरच? महाराणीला पालखी आणायची का?” ओडेसा म्हणाली.

“तुम्हाला कुणी बोलावलं गं?”

“बोलावणं कसलं? रांगेतलीला पडू देतात होय?”

अर्नेस्टीनला एकदम भरून आलं. शेहेचाळीस वर्षांपूर्वी चौघी मिळून कॉलेजच्या सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या भगिनीमंडळात, शिरल्या होत्या. उंचीप्रमाणे रांग लागली: लव्होनिया पहिली, वेल्मा दुसरी, ती स्वतः तिसरी, आणि ओडेसा शेवटी, म्हणून तिचं नाव शेपूट. प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर, आणि तशाच साऱ्या कॉलेजभर फिरायच्या. आई तेव्हा लोकांचे कपडे इस्त्री करता करता म्हणाली होती, “त्या पोरींच्या नादी लागून तुला मिळणार काय?”

काय मिळालं? शरीरशास्त्रात नापास झाली तेव्हा वेल्माने महिनाभर जिन्यात बसून तिच्याकडून एकेक हाड घोकून घेतलं. “टाच, घोटा, नडगी, गुडघा. म्हण पुन्हा!” नवरा गेला तेव्हा तिघी पाळीपाळीने येऊन राहिल्या, मुलाला शाळेत सोडलं, तिचे केस विंचरले. त्यांचे उपकार फेडायचे कसे, हे तिला कधी कळलं नाही. त्यांनीही कधी आठवण करून दिली नाही.

लव्होनिया पाठ करून पुढे उभी राहिली. ओडेसा मागे आली.

“कुणाला धरायचं नाही हं,” ब्रायनाने बजावलं. “आणि मध्ये एवढी जागा कशाला सोडलीत? जवळ उभ्या राहा की.”

“ती वेल्माची आहे,” लव्होनिया मान न वळवता म्हणाली. “दोन वर्षं झाली तिला जाऊन. जागा तिचीच.”

ब्रायना बाजूला सरकली. मग हळूच म्हणाली, “चला.”

अर्नेस्टीनने उजवा हात उचलला. समोर कुणी नव्हतं, तरी वेल्माचा खांदा कितीवर यायचा ते हाताला पाठ होतं. टाच. घोटा. नडगी. गुडघा. एक, दोन, तीन. ओडेसाचा हात तिच्या खांद्याच्या बोटभर वर होता, टेकला मात्र नाही.

नववं पाऊल. गुडघा लटपटला. अर्नेस्टीन तिरकी झाली, ब्रायना पुढे धावली.

“मागे सर!” ओडेसा खेकसली. “शेपूट जागेवर आहे, अर्नी. म्हण.”

“टाच,” अर्नेस्टीन म्हणाली. “घोटा.” कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. “नडगी.” गुडघा सरळ झाला. दहा.

लव्होनिया पुढे बघत चालत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती रडतेय हे मागून स्पष्ट दिसत होतं. अठरा, एकोणीस, वीस.

“झाली!” ब्रायना ओरडली. “मिस अर्नेस्टीन, शुक्रवारी घरी! आता हात खाली घ्या, दमलात.”

लव्होनिया दाराबाहेर गेली होती. अर्नेस्टीन उंबऱ्याशी थांबली, हात अजून तसाच.

“घेते गं,” ती म्हणाली. “आधी वेल्माला जाऊ दे.”