शोणभद्राची जागा

इला काय करते असं कोणी विचारलं की श्रीरंग खानझोडे सांगत, "फेडरल गव्हर्न्मेंटमध्ये आहे." आणि तिथेच थांबत. सनीव्हेलच्या मित्रमंडळींना मग वॉशिंग्टन, संगमरवरी इमारत, गळ्यात ओळखपत्र असं काहीबाही दिसू लागे, आणि श्रीरंग ते दिसू देत. खोटं ते एक अक्षर बोलले नव्हते. पण खरं हे होतं की त्यांची एकुलती एक मुलगी ॲरिझोनाच्या माळावरच्या राष्ट्रीय उद्यानात रेंजर होती, रुंद काठाची टोपी घालून प्रवाशांना दगड दाखवायची. नागपूरहून येऊन उभा जन्म चिप डिझाइन करण्यात घालवलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं होतं. जिऑलॉजी शिकलीस ना, मग निदान तेलाच्या कंपनीत तरी जा, असं त्यांनी सांगून पाहिलं होतं. पोरीने ऐकलं नाही. तीही खानझोडेच.

रेणू, म्हणजे इलाची आई, तिच्याकडे जाऊन आली होती. श्रीरंगना मात्र दर वेळी नेमकं ऑफिसचं काम निघे. यंदा रेणूने त्यांना न विचारताच तिकिटं काढली. इला अजून सीझनल, म्हणजे हंगामापुरती नेमलेली होती, तिला कायम करायचं की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होतं. "तिचं काय ते ठरण्याआधी एकदा बघून तर या," असं रेणू म्हणाली.

आता घरच्या देवांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. खानझोड्यांकडे पंचायतन होतं. त्यात मूर्ती नसतात, पाच दगड असतात: नर्मदेचा बाण तो शंकर, शाळिग्राम तो विष्णू, स्फटिक तो सूर्य, सोनेरी झाक असलेला दगड ती देवी, आणि शोण नदीतला लाल दगड, शोणभद्र, तो गणपती. अपार्टमेंट बदलताना हा लाल दगड हरवला. तेव्हापासून त्याच्या जागी एक सुपारी बसली होती. शास्त्राला ती चालते. श्रीरंगना ती रोज सकाळी आंघोळ करून पूजेला बसलं की बोचायची.

ॲरिझोनात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उद्यानातल्या पायवाटेवर हिंडत होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी आडवी झालेली झाडं, खोडंच्या खोडं दगड झालेली, उन्हात लाल-पिवळी चमकत होती. श्रीरंग मनातल्या मनात कबूल करत होते की जागा बरी आहे. आणि एकदम पायाशी त्यांना तो दिसला. अंगठ्याएवढा, लालबुंद, गुळगुळीत, एका बाजूला सोंडेसारखा बाक असलेला. त्यांनी बूट काढले, हात जोडले, वाळक्या चिखलात रुतलेला तो दगड अलगद उचलला, डोळ्यांना लावला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. रेणू पुढे फोटो काढत होती, तिला पत्ताही नव्हता. दगड उचलू नका, असं सांगणारी पाटी तिथून चार पावलांवर होती. पण पाटी ही नेहमी दुसऱ्यासाठी असते, हे आपण सगळे घरूनच शिकून आलेलो असतो. शिवाय देवाला घरी नेणं ही काय चोरी झाली?

दुपारी इलाचं भाषण होतं. मोठ्या खोडाशेजारी वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि श्रीरंग मुद्दाम मागे उभे होते. पोरगी बोलायला लागली आणि त्यांना पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला, घरातला नाही, दुसराच. ती सांगत होती की सव्वाशे वर्षांपूर्वी इथे लोक गाड्या भरभरून दगड नेत. आतले स्फटिक काढायला खोडं सुरुंगाने फोडत. ही झाडं भरडून त्यांची पॉलिशची पूड करायला इथे एक गिरणीसुद्धा उभी राहिली होती. लोकांनी अर्ज केले. अमेरिकी काँग्रेसमध्ये बिलं आली आणि पडली, पुन्हा आली, पुन्हा पडली. मग एकोणीसशे सहा साली एक छोटासा कायदा झाला: सरकारी जमिनीवरचं काही मोलाचं असेल, तर ते राष्ट्राध्यक्षाने एका सहीने राखून ठेवावं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने वर्ष संपायच्या आत या जंगलासाठी ती सही केली. त्याच वर्षी त्याने खाण्यातली भेसळ आणि कत्तलखान्यांतली घाण यांविरुद्धच्या कायद्यांवरही सह्या केल्या होत्या. राज्यघटनेने जे करू नको म्हटलेलं नाही, ते लोकांसाठी करणं हे आपलं कामच आहे, असं तो मानायचा.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला की ही तर सरकारची दादागिरीच झाली. कोण कुठला वॉशिंग्टनमधला माणूस, इकडच्या लोकांना काय उचला नि काय उचलू नका हे सांगणार. इला चिडली नाही. तिने त्याला सांगितलं की मुद्दा रास्त आहे, आणि इथल्या मूळ रहिवाशांनाही तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं. "पण सर, गिरणीचा मालक एकटा होता," ती इंग्रजीत म्हणाली. "जंगल त्याने संपवलं नसतं. ते 'मी एकच तर नेतोय' म्हणणाऱ्या चांगल्या माणसांनी संपवलं असतं. ती सही त्यांच्यासाठी होती."

म्हातारा हसला आणि त्याने टाळी वाजवली. श्रीरंगचा हात मात्र खिशावर गेला. पोरीचा अभिमान आणि स्वतःची लाज एकाच वेळी दाटून आली, आणि दोन्ही लपवायला त्यांच्याकडे तो एकच खिसा होता.

परत जागेवर ठेवून यावा म्हणून ते पायवाटेकडे वळलेही, पण तिकडे शाळेची बस थांबली होती. पोरांच्या देखत खिशातून दगड काढायचं धाडस त्यांना झालं नाही. मग संध्याकाळी बाहेर पडायचं फाटक आलं, आणि फाटकावर ड्यूटीला इलाच होती. ती प्रत्येक गाडी थांबवून तोच प्रश्न विचारत होती. वडिलांची गाडी आली तेव्हा ती गालात हसली, पण प्रश्न तिने गाळला नाही. "गाडीत दगड किंवा लाकूड काही, सर?"

नाही म्हटलं असतं तर हात हलवून तिने सोडलं असतं. हो म्हटलं, तर कायम होण्याच्या महिन्यात पोरीच्या नावाला चोराची मुलगी असा डाग चिकटला असता. 

"आहे," श्रीरंग म्हणाले, आणि दगड काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. "देवासाठी घेतला होता. चुकलं माझं."

रेणूने कपाळाला हात लावला.  इलाने खांद्यावरचा रेडिओ उचलला आणि आपल्या साहेबिणीला सगळं सांगितलं: एका व्हिजिटरने दगड उचलला होता, आपण होऊन परत दिलाय. नाव विचारल्यावर तिने ते एकेक अक्षर करून सांगितलं. खानझोडे. आवाज खाली न आणता ती पुढे म्हणाली, "येस, माय फादर."

 पलीकडून उत्तर आलं की ताकीद नोंदवून घे. आणि जागा नक्की आठवत असेल तर दगड तिथेच ठेवून या, उगाच कुठेतरी टाकू नका.

"बाबा, एक्झॅक्ट जागा आठवते तुला?" इलाने विचारलं.

आयुष्यभर केसाहून बारीक तारांच्या जागा ठरवलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला. फाटक दुसऱ्या रेंजरकडे सोपवून इला बरोबर आली. श्रीरंग तिला सरळ तिथे घेऊन गेले. वाळक्या चिखलात दगडाचा साचा जसाच्या तसा उमटलेला होता. त्यांनी पुन्हा बूट काढले. इलाने टोपी काढून हातात धरली. दगड साच्यात बरोबर बसला.

"माझा राग आला?" तिने विचारलं. "मला ते रिपोर्ट करावंच लागलं."

"तू नसतं केलंस तर आला असता," श्रीरंग म्हणाले, आणि पोरीला जवळ घ्यायला गेले तर तिच्या हातातल्या टोपीचा काठ मध्ये आला.

त्या महिन्याच्या शेवटी इला कायम झाली. पुढे गणपतीत श्रीरंगचे जुने स्नेही संजय घरी आले. देवघरात वाकून बघत ते म्हणाले, "काय हे श्रीरंगराव, अजून सुपारीच?"

"आमचा गणपती ॲरिझोनात असतो," श्रीरंग म्हणाले. "त्याला आमची इला सांभाळते. फेडरल गव्हर्न्मेंटमध्ये आहे ना ती." आणि या वेळी ते तिथे थांबले नाहीत. टोपीतला तिचा फोटो दाखवायला ते खिशातला फोन शोधू लागले.