उड्या मारायची चादर

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. पण पांघरायची नव्हे, उड्या मारायची. माझ्या अंगावर चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत एक शब्द होता. आता ‘होता’ असंच म्हणावं लागतं.

बार्शीटाकळीजवळच्या एका लहानशा गावातल्या शाळेत माझा जन्म झाला. त्याआधी मी लग्नमंडपाची कनात होते. फाटले म्हणून मला टाकून देणार होते, तेव्हा प्रणाली मॅडमनी मला मागून आणलं. धुतलं, कडा शिवल्या आणि लाल रंगानं माझ्यावर शब्द लिहिले : मी, तू, आहे, नाही, ये, जा, काय, कुठे, पाणी, आम्ही. हे शब्द प्रत्येक धड्यात पुन्हा पुन्हा भेटतात. मुलांनी काना-मात्रा जुळवत बसू नये, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं तसे ते शब्द चटकन ओळखावेत, अशी मॅडमची इच्छा होती.

रोज सकाळी मला ओसरीवर अंथरत. मॅडम हाक देत, “पाणी!” आणि धुळीनं भरलेले पाय ‘पाणी’वर धपाधप पडत. कधी चिंचोक्यांची पुरचुंडी फेकायची आणि ती पडेल तो शब्द वाचायचा. कधी उड्या मारतच वाक्य करायचं. ‘तू’, ‘कुठे’, ‘आहे’ अशा तीन उड्या घेतल्या की मधूनच कोणी ओरडे, “मी अठी हावो!” आणि सगळे हसत. अकोल्याहून शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी माझा फोटोसुद्धा काढला. तो कुठे लावला, ते मला माहीत नाही.

पुढे गावात पिवळी व्हॅन येऊ लागली. तिच्यात बसून मुलं मोठ्या गावच्या शाळेत जाऊ लागली. दर उन्हाळ्यानंतर माझ्यावरचे पाय कमी होत. शेवटी आरती आणि अश्विन असे दोघेच राहिले. एके दिवशी अश्विनही व्हॅनच्या खिडकीतून हात हलवताना दिसला.

उरली एकटी आरती. तिच्या घरी भाजीचा मळा होता. पहाटेच आईवडील आणि आजी मळ्यात जात, ती शाळेत येई. मॅडम हाक देत आणि ती एकटी उडी मारी. एकट्या पायांचा आवाज किती लहान असतो, ते मला तेव्हा कळलं. सगळे शब्द तिला यायचे. फक्त ‘आम्ही’पाशी ती थबके.

“काहून थांबली, आरती?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, आमी म्हंजे कोण?”

“आम्ही म्हणजे मी आणि माझ्यासोबतचे सगळे.”

आरतीनं रिकाम्या ओसरीकडे पाहिलं. “पण मी त एकटीच हावो.”

 मॅडमनी चपला काढल्या, साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि आरतीचा हात धरून ‘आम्ही’वर उडी मारली. एवढं वजन त्या चौकटीनं बऱ्याच दिवसांत पेललं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी शाळा बंद झाली. मॅडमची बदली दूरच्या शाळेत झाली. आरतीच्या शिक्षणासाठी तिचे आईवडील मळा सोडून अकोल्याला राहायला गेले. मी कुलूप लावलेल्या खोलीत, मोडक्या बाकाखाली. दारापाशी पावलं वाजली की मी कान देई. पण ती बकऱ्यांची असत. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. छपरातून पाणी ठिबकलं आणि शब्द एकेक करून फिके पडले.

बऱ्याच काळानं ग्रामपंचायतीनं खोली रिकामी केली आणि मला बाहेर टाकलं. आरतीची आजी माणिकबाई तिथून जात होती. “चांगलं जाड कापड हाये,” म्हणत तिनं मला उचललं. तिला वाचता येत नव्हतं. मी मेथी-कोथिंबिरीवर ओल्या अंगानं पडून राहू लागले, आणि आठवडी बाजारात माणिकबाईच्या बुडाखाली. मुलगा, सून, नात सगळी अकोल्याला. ती दिवसभर गिऱ्हाइकाशी बोले आणि घरी गेल्यावर कोणाशीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आरती तिच्यासोबत बाजारात आली. भाजी मांडता मांडता एकदम थांबली.

“आजी, ऊठ.”

“काहून वं? काय चावलं?”

“ऊठ ना. तू माह्या शाळेवर बसून राह्यली.”

माणिकबाई गोंधळून उठली. आरतीनं वांगी बाजूला सारली, मला झटकून पसरलं आणि गुडघ्यांवर बसून माझ्यावर बोट ठेवत वाचू लागली. “मी. तू. आहे. पाणी. जा.”

“पोरी, तठी त काईच दिसून नाई राह्यलं.”

“मले दिसते,” आरती म्हणाली. ती पुसलेल्या चौकटीही एकामागून एक वाचत गेली. एकही चुकली नाही.

माणिकबाई नातीशेजारी येऊन बसली. मग पदरानं तिनं माझ्यावरची माती पुसली.

सुट्टी संपली, आरती एसटीनं परत गेली. माणिकबाईनं मला स्वच्छ धुतलं, वाळवलं आणि घडी करून पेटीत ठेवलं. आता मला ओल्या भाजीवर पडावं लागत नाही, उंदीर येत नाहीत. नातीची शाळा म्हणून ती मला जिवापाड जपते. पेटीत अंधार आहे, आणि कोणीही माझ्यावर पाय ठेवत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी चादर असेल, शब्दांचे पत्ते असतील, तर त्यांना पेटीत बंद करून ठेवू नका. चादर अंथरा. धुळीच्या पायांनी तिच्यावर उड्या मारा, मळवा, फाडलीत तरी चालेल. आणि कडेला कोणी एकटं उभं असेल, तर त्याचा हात धरून त्यालाही ओढून घ्या.